द्राक्ष, तांबं आणि आजीचा विसर

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात सुटलेल्या काही गोष्टी लिहिताना जोडल्या आहेत.)

आजचा भाग घरातूनच रेकॉर्ड करतोय, सीबीडी बेलापूरमधून. मागे कुकरची शिट्टी किंवा आजीची हाक ऐकू आली तर सांभाळून घ्या. खरं तर आजचा भाग आजीमुळेच होतोय.

माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मूळची चिपळूणजवळची. २०२२ मध्ये तिला अल्झायमरचं निदान झालं. त्याआधी आमटीत दोनदा मीठ पडायचं, तेव्हा आम्ही हसायचो. आता ती संध्याकाळी सहाच्या सुमाराला पिशवी भरते आणि दाराशी उभी राहते. म्हणते, "चल रे, शेवटची एसटी चुकेल." ज्या घरी तिला जायचंय ते घर विकून वीस वर्षं झाली.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर आमच्या फॅमिली ग्रुपवर एक बातमी फिरली. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी १०० रुपयांची एक गोळी तयार केली आहे, द्राक्षात सापडणारं एक द्रव्य आणि थोडंसं तांबं एवढंच तिच्यात आहे, वगैरे. बातमी कॅन्सरची होती. पण त्याखाली काकांनी एक इंग्रजी लिंक टाकली. याच संशोधकांनी हेच मिश्रण म्हाताऱ्या उंदरांना दिलं होतं आणि उंदरांच्या मेंदूत फरक दिसला होता. काकांनी लिहिलं, "आईला सुरू करू या का? आपल्या इथे खारघरलाच आहे ते."

आणि ते खरंच आपल्या इथेच आहे. आमच्या गच्चीतून जी टेकडी दिसते तिच्या पलीकडे खारघर, आणि खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इंजिनियर आहेस ना, जरा वाचून सांग." मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम आहे. तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. कारण ही गोष्ट खारघरला सुरूच होत नाही. ती सुरू होते जपानमध्ये, १९३९ साली, एका विषारी झाडाच्या मुळापासून.

मूळ : होक्काइडो, १९३९

त्या द्रव्याचं नाव रेस्वेराट्रॉल. मिचिओ ताकाओका नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते 'व्हेराट्रम' जातीच्या एका वनस्पतीपासून वेगळं केलं आणि १९३९ मध्ये त्यावर लिहिलं. नावातच कुळ आहे, 'रेसॉर्सिनॉल'मधलं रेस आणि 'व्हेराट्रम'. पुढची वीसपंचवीस वर्षं कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये ते जपानी औषधांतल्या 'इतादोरी' या आणखी एका वनस्पतीत सापडलं, एवढंच.

झाड हे द्रव्य करतं कशासाठी, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. झाडातलं प्रत्येक रसायन जणू आपल्यासाठीच बनलंय असं आपण धरून चालतो. १९७६ मध्ये लँगकेक आणि प्राइस या दोघांनी द्राक्षाच्या पानांवर प्रयोग केले. बुरशी लागली किंवा अतिनील किरण पडले की पान रेस्वेराट्रॉल तयार करू लागतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे हे द्राक्षवेलीचं हत्यार आहे. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. भुरी आणि डाऊनीने बाग कशी बसते हे तो दर हंगामात बघतो. आपण फवारणी करतो, वेल आपल्या परीने रेस्वेराट्रॉल करते.

तर हा पहिला अवतार. बुरशीविरुद्धचं शस्त्र. मेंदूचा अजून संबंध नाही.

दुसरा अवतार : वाईनच्या बाटलीत

१९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात एक कोडं मांडलं गेलं. फ्रेंच माणूस लोणी, चीज भरपूर खातो, तरी त्याला हृदयरोग कमी का? उत्तर सुचवलं गेलं, रेड वाईन. अमेरिकेत रेड वाईनचा खप वाढला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, वाईनमध्ये रेस्वेराट्रॉल असल्याचं प्रसिद्ध झालं आणि कोड्याला एक नाव मिळालं. १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांच्या कातडीवर ते लावलं तर गाठी कमी येतात. आता ते 'अँटिऑक्सिडंट' झालं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पार उलटणार आहे.

आपल्याकडेही धागा आहे. १९९९ मध्ये एका शोधनिबंधात द्राक्षासवात रेस्वेराट्रॉल आणि त्याचं भावंड टेरोस्टिल्बिन असल्याचं नोंदवलं गेलं. द्राक्षासव, म्हणजे कित्येक घरांत जेवणानंतर दोन चमचे घेतात ते. हे वाचून मलाही छाती फुगल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण नंतर वाटलं, थांब. एखाद्या औषधात एखादं द्रव्य *सापडणं* वेगळं आणि त्या औषधाचा गुण त्या द्रव्यामुळे *असणं* वेगळं. माझ्या कोडमध्ये एखादी लायब्ररी इम्पोर्ट केलेली दिसली म्हणून ती वापरली जातेच असं थोडंच आहे?

तिसरा अवतार : जनुकांचा स्विच

इथे जरा थांबून 'जीन रेग्युलेशन' म्हणजे काय ते बघू. माझ्या भाषेत सांगतो, तुम्ही आयटीत नसाल तरी कळेल.

आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत तोच डीएनए असतो. साधारण वीस हजार जनुकं. तरी यकृताची पेशी यकृताचं काम करते आणि मेंदूची मेंदूचं. कारण कोड एकच असला तरी कुठे काय चालू ठेवायचं याच्या सेटिंग्ज वेगळ्या आहेत. एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर जवळपास दोन मीटर भरतो. तो 'हिस्टोन' नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा गुंडाळावा तसा. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाची छोटी खूण चिकटली की गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक वाचता येतं. खूण काढली की गुंडाळी घट्ट, जनुक बंद. काही एन्झाइमं खुणा चिकटवतात, काही काढतात.

काढणाऱ्यांपैकी एक कुटुंब म्हणजे सर्ट्युइन. त्याचा शोध यीस्टमध्ये लागला, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीत. हे एन्झाइम वाढवलं की यीस्ट जास्त जगतं, असं दिसलं होतं. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला की रेस्वेराट्रॉल हे एन्झाइम जागं करतं आणि यीस्टचं आयुष्य वाढतं. २००६ मध्ये लठ्ठ उंदरांवरचा प्रयोग आला. चरबीयुक्त खाणं खाणाऱ्या उंदरांना रेस्वेराट्रॉल दिलं तर ते जास्त जगतात.

मग काय विचारता! २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने सर्ट्रिस नावाची, याच कल्पनेवर उभी राहिलेली छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली.

आणि मग एकेक वीट निघू लागली. २००५ पासूनच काही प्रयोगशाळा म्हणत होत्या की एन्झाइम जागं झाल्यासारखं दिसतंय ते मोजमापाच्या पद्धतीमुळे. चाचणीत जो चमकणारा रंग जोडला होता त्याच्याशिवाय केलं तर परिणाम दिसत नाही. २०१० मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही तेच मांडलं. त्यावर उलट उत्तरंही आली, वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. त्याच वर्षी रेस्वेराट्रॉलच्या खास गोळीची एका रक्ताच्या कॅन्सरवरची चाचणी थांबवावी लागली, कारण काही रुग्णांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला. 'झाडातलं आहे, त्रास काय होणार' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य वाचून दाखवतो. २०१३ मध्ये सर्ट्रिसचं स्वतंत्र ऑफिस बंद झालं.

आणि अल्झायमर?

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची पन्नाशीची बाई दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायचे. तिला स्वतःचं नाव लिहिणं जमत नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत दोन गोष्टी मांडल्या. पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. गोळे ज्याचे असतात त्याला आज आपण अमायलॉइड म्हणतो.

अमायलॉइड तयार होतं एका मोठ्या प्रथिनाची चुकीच्या ठिकाणी कापणी झाली की. योग्य ठिकाणी कापणारं एन्झाइम जास्त असेल तर अमायलॉइड कमी. आता विचार करा, सर्ट्युइनमुळे त्या योग्य कात्रीचं जनुक चालू झालं तर? नेमका हाच दावा करणारा शोधनिबंध २०१० मध्ये 'सेल'मध्ये आला. झाडातलं द्रव्य, त्याने दाबलेला स्विच, चालू झालेलं जनुक, कमी झालेलं अमायलॉइड. साखळी इतकी सुंदर जुळली होती की मी रात्री दीड वाजता बाबांना उठवायच्या बेतात होतो.

मग त्या शोधनिबंधाच्या पानावर वरच्या बाजूला एक ओळ दिसली. २०१४ मध्ये तो मागे घेतला गेला होता.

त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आपल्याच एका रेस्वेराट्रॉल संशोधकाच्या कामात आकडे आणि चित्रं बनावट असल्याचे १४५ प्रकार नोंदवले होते. तो हृदयावर काम करायचा. त्यामुळे संपूर्ण विषय खोटा ठरत नाही. पण पाया किती ठिकाणी भुसभुशीत आहे हे कळतं.

शेवटी माणसांवरची चाचणी. २०१५ मध्ये 'न्यूरॉलॉजी'मध्ये तिचा निकाल आला. अल्झायमरचे ११९ रुग्ण, सौम्य ते मध्यम अवस्थेतले. ५२ आठवडे. काहींना रेस्वेराट्रॉल, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी. डोस हळूहळू वाढवत दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत नेला. एवढं वाईनमधून मिळवायचं तर रोज हजारेक बाटल्या लागतील. इतकं का द्यावं लागलं? कारण पोटातून शोषलं गेलेलं रेस्वेराट्रॉल आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात. मूळ रूपात रक्तात पोचतं ते एक टक्क्याहूनही कमी.

निकाल काय? बहुतेकांना ते सोसलं. अमायलॉइडच्या एका प्रकाराची रक्तातली पातळी गोळी घेणाऱ्यांत टिकून राहिली, दुसऱ्या गटात घटली. याचा अर्थ चांगला की वाईट यावरच तर्क चालू आहेत. आणि मेंदूचं आकारमान? रेस्वेराट्रॉल घेणाऱ्यांत ते *जास्त* घटलं. सूज उतरल्यामुळे तसं झालं असावं असा संशोधकांचा अंदाज आहे. स्मृती सुधारली असं ठामपणे सांगण्याइतकं काही हाती आलं नाही.

हळदीचीही गोष्ट अशीच आहे. आपण माशेलकरांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द करून घेतलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. ते जखमेवरच्या वापराचं पेटंट होतं. पुढे २००४ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की हळदीतलं कर्क्युमिन, अ‍ॅसिटिलची खूण चिकटवणाऱ्या एका एन्झाइमला रोखतं. म्हणजे पुन्हा जनुकांचा स्विच. पण अल्झायमरच्या रुग्णांवरची जी छोटी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, २४ आठवड्यांची, तिच्यात फायदा दिसला नाही. तेही रक्तात पोचतच नाही धड.

आमच्याकडे एक म्हण आहे, म्हणजे ऑफिसात. 'स्टेजिंगवर चाललं म्हणजे प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही.' यीस्ट हे स्टेजिंग आहे. काचेच्या बशीतली पेशी हे स्टेजिंग आहे. उंदीरही स्टेजिंगच. आजी प्रॉडक्शन आहे. आणि तिथे रोलबॅक नाही.

चौथा अवतार : खारघर

आता येऊ आपल्या टेकडीपलीकडे. अ‍ॅक्ट्रेकचं मूळ परळमध्ये आहे. १९५२ मध्ये तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने. तिथेच डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांचा एक वंशही तिथे तयार झाला, स्तनाच्या कॅन्सरच्या अभ्यासासाठी. पुढे ती संस्था टाटा मेमोरियलमध्ये सामील झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला खारघरला आली. म्हणजे पेशी आणि उंदीर यांच्यावर धीराने काम करण्याची मराठी माणसांनी घातलेली ती जुनी बैठक आहे. तिला गावठी म्हणून हसण्यात अर्थ नाही आणि आपली म्हणून डोक्यावर घेण्यातही नाही.

तिथले डॉ. इंद्रनील मित्रा यांचा सिद्धांत असा. शरीरात रोज अगणित पेशी मरतात. त्यांच्या केंद्रकातले तुकडे, म्हणजे डीएनए आणि हिस्टोन मिळून झालेले कण, रक्तातून फिरतात, जिवंत पेशींत शिरतात आणि त्यांच्या डीएनएला इजा करतात, सूज वाढवतात. वार्धक्य, कॅन्सर, मेंदूची झीज यांमागे हा भंगाराचा त्रास असू शकतो.

या भंगाराचं काय करायचं? इथे रेस्वेराट्रॉल येतं, पण उलट्या वेषात. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की तांब्याच्या सोबतीने रेस्वेराट्रॉल डीएनए तोडतं. अलीगढच्या विद्यापीठातही वनस्पतींतली द्रव्यं आणि तांबं यांवर असं काम झालं होतं. दोन्ही एकत्र आले की ऑक्सिजनचे तिखट कण तयार होतात. म्हणजे तीस वर्षं ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणून विकलं, ते इथे नेमकं त्याच्या विरुद्ध काम करतं, प्रो-ऑक्सिडंट. मित्रांच्या मिश्रणात तांबं रेस्वेराट्रॉलच्या जवळजवळ दहा हजाराव्या हिश्श्याइतकं असतं. हे कण बाहेर फिरणाऱ्या भंगाराला निकामी करतात, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी पाठवलेला शोधनिबंध २०२२ चा, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधला. म्हाताऱ्या होत चाललेल्या उंदरांना वर्षभर हे मिश्रण तोंडावाटे दिलं. त्यांच्या मेंदूत पेशींबाहेरचे ते कण कमी झाले. त्याबरोबर डीएनएची इजा, सूज, पेशींचं म्हातारपण, अमायलॉइडचा साठा, अशा बऱ्याच खुणा कमी दिसल्या.

मी तो निबंध दोनदा वाचला. प्रामाणिकपणे सांगतो, मला तो आवडला. कल्पना धाडसी आहे. पण बाबांनी मला आवडलं का असं विचारलं नव्हतं. म्हणून मी वहीत तीन ओळी लिहिल्या.

एक. हे उंदीर नुसते म्हातारे होते, अल्झायमरचे नव्हते. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही.

दोन. अल्झायमर झालेल्या एकाही माणसाला या प्रयोगात हे मिश्रण दिलेलं नव्हतं.

तीन. १०० रुपयांच्या गोळीची बातमी कॅन्सरच्या उपचाराचे दुष्परिणाम आणि कॅन्सर परत येणं याबद्दल होती. आणि परवानगी मागितली होती ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे पूरक आहार म्हणून. पूरक आहाराला परवानगी मिळणं म्हणजे रोगावर गुण सिद्ध होणं नव्हे.

आणि एक गंमत सांगतो. पुरावा म्हणजे काय हे याच डॉ. मित्रांच्या दुसऱ्या कामातून मला सगळ्यात चांगलं कळलं. त्यांनी मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं एक चाचणी चालवली. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली तर मृत्यू कमी होतात का, एवढाच प्रश्न. निकाल २०२१ मध्ये 'बीएमजे'मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. एका साध्या प्रश्नाला वीस वर्षं. गोळीच्या बातमीला ग्रुपवर फिरायला वीस मिनिटं.

मनुका आणि तांब्या

हे सगळं मी घरी सांगितलं. काका ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे, गोळी नको. पण मनुका रात्री तांब्याच्या भांड्यात भिजत घालायला काय हरकत आहे? घरचीच गोष्ट."

मंडळी, हरकत आहे. मनुका आंबूस असतात. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. उगाच नाही गल्लीत कल्हईवाला यायचा. आंबटाने तांबं विरघळतं, आणि किती विरघळलं ते मोजायची घरात सोय नाही. खारघरच्या मिश्रणात तांबं नखाएवढंही नाही, त्याच्या कितीतरी पट खाली, नेमकं मोजून घातलेलं. शिवाय २००३ मध्ये सशांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कोलेस्टेरॉलयुक्त खाणं खाणाऱ्या सशांच्या पाण्यात थोडंसं तांबं घातलं तर त्यांच्या मेंदूत अमायलॉइड *वाढलं* आणि शिकण्याची क्षमता घटली. आता ससेही स्टेजिंगच, हे मी कबूल करतो. पण एका प्रयोगात तांबं तारक, दुसऱ्यात मारक. अशा वेळी स्वयंपाकघरात तिसरा प्रयोग कशाला?

पूर्ण झालेला रस्ता कसा दिसतो

"म्हणजे झाडपाल्यातून अल्झायमरचं औषध होतच नाही, असं म्हणायचंय का तुला?" बाबांनी विचारलं. जरा चिडूनच.

होतं ना. गॅलांटामिन. पांढऱ्या हिमफुलांच्या कांद्यातलं द्रव्य. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि बल्गेरियात त्यावर काम झालं. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांच्या गटाने ते औषध म्हणून उभं केलं, पोलिओनंतरच्या अशक्तपणासाठी आणि स्नायूंच्या आजारासाठी. स्मृतीसाठी उपयोगी आहे हे नंतर कळलं, आणि अमेरिकेत अल्झायमरवर परवानगी मिळाली २००१ मध्ये. पहिल्या कामापासून पन्नास वर्षं. ते जनुकांचे स्विच वगैरे काही दाबत नाही. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन लवकर मोडू नये एवढंच बघतं. रोग बरा होत नाही, काही जणांत काही काळ उतार संथ होतो. रिव्हास्टिग्मिन हे दुसरं औषधही अशाच एका शेंगेतल्या विषावरून सुचलं. आफ्रिकेत कालाबारच्या किनाऱ्यावर आरोपी खरा की खोटा हे ठरवायला ती बी खायला देत असत.

म्हणजे वनस्पतीचा रस्ता बंद नाही. पण त्या रस्त्यावर पायऱ्या आहेत. एखादं द्रव्य मिळालं. ते बशीत चाललं. उंदरात चाललं. माणसाच्या रक्तात पोचलं. मेंदूत पोचलं. आणि शेवटची पायरी, आजारी माणसाला त्याने नुसत्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला. रेस्वेराट्रॉलची पंच्याऐंशी वर्षं वाचून मी एकच गोष्ट शिकलो. बातमी कुठल्याही पायरीवर उभी असली तरी बोलते शेवटच्या पायरीवरून. त्यामुळे आता ग्रुपवर काही आलं की मी 'खरं की खोटं' विचारत नाही. विचारतो, 'कितव्या पायरीवर?'

तर आम्ही काय केलं

आजीच्या डॉक्टरांना विचारलं. आजीला रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. रेस्वेराट्रॉलचाही रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बाजारातली कुठलीही कॅप्सूल त्यांना न विचारता द्यायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विषय तिथे संपला. म्हणजे वैद्यकीय विषय संपला.

बाबा मात्र त्या रात्री बराच वेळ गच्चीत उभे होते. मी गेलो तर म्हणाले, "तू बरोबर आहेस रे. पण निदान काहीतरी करतोय असं वाटलं असतं." यावर माझ्याकडे कुठला शोधनिबंध नव्हता. मी नुसता उभा राहिलो. समोर टेकडी होती आणि पलीकडे खारघरचे दिवे.

मला वाटतं, 'काहीतरी करतोय' ही भूक खरी आहे, आणि सगळ्या बातम्या, सगळ्या कॅप्सूल तिच्यावरच जगतात. तिला हसून चालणार नाही. म्हणून आम्ही काहीतरी करायचं ठरवलं. संध्याकाळी सहाला आजी पिशवी भरून दाराशी आली की आता तिला कोणी "ते घर विकलं आजी" असं सांगत नाही. बाबा चपला घालतात आणि तिला खाली घेऊन जातात. सोसायटीला दोन फेऱ्या. मग आजी स्वतःच म्हणते, "गेली वाटतं एसटी. उद्या जाऊ."

आत्ता द्राक्षांचे दिवस आहेत. आज सकाळी बाबांनी एक किलो आणली. आजीने एक तोंडात टाकलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, "नाशिकची का रे?" मी म्हटलं, हो आजी. दोन मिनिटांनी पुन्हा, "नाशिकची का रे?" हो आजी.

तिने सगळी संपवली. औषध म्हणून नाही. तिला आवडतात म्हणून.

चला, आजच्यापुरतं एवढंच. हळदीच्या पेटंटच्या लढाईवर एक अख्खा भाग करायचा आहे, तो पुढच्या वेळी. तोवर नमस्कार.